झगा क्रमांक एकशे सतरा

ता. ४ ऑगस्ट

बटण,

आशीर्वाद लिहू की नमस्कार, यापायी सकाळपासून तीन कागद फाडले. तू माझ्याहून आठ वर्षांनी लहान आणि आता माझ्याहून फारच मोठी. दोन्ही लिहितो. हवं ते ठेवून घे.

हे पत्र तुझ्या संस्थेच्या पत्त्यावर टाकतो आहे. पत्ता आमच्या इतिहासाच्या मॅडमनी दिला. त्यांनी काढलेला सातचा आकडा एकासारखा दिसतो, म्हणून दोनदा विचारून घेतला, तरी धाकधूक आहेच. ‘दुसऱ्या कुणाला मिळाल्यास वाचू नये’ असं पाकिटावर लिहिलं होतं. मग वाटलं, असं लिहिलं की माणूस आधी वाचतोच. पाकीट बदललं.

मी अजून विद्यापीठाच्या झग्यांच्या खोलीतच आहे. मुलं गाऊन म्हणतात, पण आपले बाबा झगा म्हणायचे, म्हणून मीही झगाच म्हणतो. वयाने कधीच निवृत्त झालो, पण पदवीदानाचे दोन हजार चारशे झगे सांभाळायला दुसरं कुणी तयार होत नाही, म्हणून दरवर्षी एक वर्ष वाढवून देतात. खोलीच्या मागेच राहतो. तुझी वहिनी जाऊन सहा वर्षं झाली. माझ्या थोरल्या लेकीने तुला कळवलं होतं म्हणे. गुडघे गेले आहेत. डोळे बरे आहेत, पण ते कधी जातील सांगता येत नाही, बाबांचेही असेच अचानक गेले.

आता मुद्द्याचं. यंदा विद्यापीठाला पंचाहत्तर वर्षं होतात. इतिहासाच्या मॅडम मोठा ग्रंथ लिहीत आहेत. इथे शिकून नाव काढलेली पंचाहत्तर माणसं निवडायची, त्यांना ‘मानकरी’ म्हणायचं आणि त्यांचे फोटो सभागृहाच्या व्हरांड्यात लावायचे, असं ठरलं आहे. मॅडम यादी घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. यातली बरीच माणसं मी खांद्यावरून ओळखतो. मोठे न्यायाधीश झाले ना, त्यांचा उजवा खांदा खाली आहे, झगा नेहमी एका बाजूला लोंबायचा. ते नामांकित सर्जन, ते आपला नंबर बरोबर आहे ना हे बघायला खिडकीवर तीनदा आले होते. ती नाटकवाली बाई झगा उलटा घालून स्टेजवर गेली आणि तोच लोकांना बरोबर वाटला.

तुझं नाव यादीत आहे. पहिल्या पाचात.

पण तुझ्या वर्षाच्या नोंदवहीत तुझ्या नावापुढे ‘झगा परत नाही’ असं लिहिलेलं आहे, म्हणून पदवीही नाही. पदवी नाही म्हणून मानकरी नाही. त्यावर तोडगा म्हणून त्यांनी तुला सन्मानाची पदवी देऊ केली. तुझं उत्तर आलं ते रजिस्ट्रारसाहेबांच्या टेबलावरच्या काचेखाली आहे. मॅडमनी मला वाचून दाखवलं. एकच ओळ. ‘मी झगा परत दिला होता. आधी तेवढं लिहा.’

बटण, एक्केचाळीस वर्षं झाली. त्या वर्षी मोठा गोंधळ होता, नवीन नोकरी होती, मला खरंच काही आठवत नव्हतं. आता ते सन्मानाने देत आहेत तर घे. एवढ्या मोठ्या माणसांत तुझा फोटो नसला तर त्या व्हरांड्यातून मी रोज कसा जाऊ? झाडूवाल्या मावशीसुद्धा विचारतील.

तू समुद्राच्या तळाशी ठेवायचं ते यंत्र काढलंस, मोठी लाट यायच्या आधी किनाऱ्यावरच्या गावांना सांगणारं, त्याचा फोटो पेपरात पाहिला. गोल, चपटं, मध्ये चार भोकं. त्याला तू काय नाव दिलंस तेही वाचलं. पेपर घडी करून ठेवला आहे.

उत्तर दे. नाही दिलंस तरी चालेल. पण दे.

दादा


ता. २६ ऑगस्ट

बटण,

उत्तर आलं नाही. तो सात एकच असणार.

तरीही लिहितो, कारण एक गंमत झाली. मॅडमनी ग्रंथातलं एक प्रकरण मला वाचून दाखवलं. आपल्या विद्यापीठाची परंपरा आहे ना, पदवीदानाच्या दिवशी स्टेजवर नुसती रिकामी नळी मिळते, आणि झगा खिडकीवर परत करून पावती दाखवली की मगच आत ठेवायचा पदवीचा कागद मिळतो. मॅडमनी लिहिलं होतं, ‘ज्ञान हे समाजाकडून उसने घेतलेले असते, ही विनम्र जाणीव संस्थापकांनी या प्रथेतून रुजवली.’

मी म्हणालो, “मॅडम, राग मानू नका. कापड कमी पडलं होतं.”

“म्हणजे?”

“पहिल्या वर्षी मुलं अकरा, आणि झगे सहा. मालकांच्या गिरणीतून तेवढंच काळं कापड आलं. ते शिवले आमच्या बाबांनी. मग एक जण स्टेजवरून उतरला की खिडकीपाशी झगा काढायचा आणि पुढच्याने तो घालून पळायचं. एकाने काढलाच नाही, फोटो काढायला बाहेर गेला. मालक ओरडले, ‘झगा आल्याशिवाय कुणाला कागद देऊ नका!’ तीच परंपरा.”

मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाल्या, “काका, हे छापलं तर मला काढून टाकतील.” दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाल्या, “छापणार आहे.” अशी बाई आहे. तुला आवडली असती.

मालक स्वतः तिसरी शिकलेले, म्हणून गिरणीच्या पैशातून विद्यापीठ काढलं. खिडकीवर बोलायचे शब्दही त्यांचेच. झगा देणाऱ्याने म्हणायचं ‘मोजून घ्या’, आणि घेणाऱ्याने म्हणायचं ‘पोचला’. कापडाच्या गाठी घेताना गिरणीत तसंच म्हणायचे. आता न्यायाधीश होणारी, डॉक्टर होणारी, सगळी मुलं तेच म्हणतात.

दुसरी बातमी अशी की, तुझं काम होण्यासारखं आहे. रजिस्ट्रारसाहेब स्वतः खोलीत आले. चांगला तरुण माणूस आहे, पण बसताना खुर्ची झटकून बसतो. म्हणाले, “काका, जुन्या कोठाराची दुरुस्ती चाललीय. तिथे एखादा जुना झगा सापडला तर? एकशे सतरा नंबरचा?”

मी म्हणालो, “तिथे नाहीये साहेब.”

“तुम्ही ऐकून घ्या. जुन्या कापडाचा एक झगा घ्या. नंबर तुम्ही शिवा, तुमचा हात कुणाला ओळखू येणार? कोठारात सापडला, एवढंच म्हणायचं. कुणाचाच दोष नाही. बाईंचं म्हणणंही खरं ठरतं, आपली परंपराही राहते.”

कुणाचाच दोष नाही, हे त्यांनी दोनदा म्हटलं. मला ते बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हणजे तुझं काम होईल म्हणून बरं वाटलं.

दादा


ता. ९ सप्टेंबर

बटण,

हे पत्र पोचू नये असं वाटतंय आणि म्हणून रजिस्टर करून पाठवतो आहे.

काल नंबर शिवायला बसलो. लाल दोरा घेतला. पहिला एक झाला, दुसरा एक झाला. सात सुरू करायला सुई टोचली आणि हात थांबला. मागच्या खोलीत, पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत, खरा एकशे सतरा पडला होता. आणि मी बाहेर बसून त्याची नक्कल करत होतो.

हो. आहे माझ्याकडे. चाळीस वर्षं आहे.

आता सगळं लिहितो, मध्येच थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही. त्या दिवशी खिडकीवर रेटारेटी होती. तू रांगेत उभी राहिलीस, बहीण आहे म्हणून पुढे घुसली नाहीस. तुझा नंबर आला तेव्हा ‘मोजून घ्या’ म्हणालीस. घरी मला कधी ‘घ्या’ म्हटलं नाहीस, म्हणून तुला हसू आलं, मलाही आलं. तुझ्या बोटाला शाई होती. मी म्हणालो, ‘पोचला.’ मला सगळं आठवतं. तेव्हाही आठवत होतं.

मी तुझा झगा हँगरला लावला आणि मागे वळून पुढच्याचा घेतला. तो एकशे सोळा. गडबडीत तोही त्याच हँगरवर चढवला, तुझ्या झग्याच्या अंगावर, बाहीत बाही. नंबर पाठीवर कॉलरच्या पट्टीखाली असतो, त्यामुळे वरून एकशे सोळाच दिसत होता. तेव्हा पावत्या आम्ही संध्याकाळी लिहायचो, हँगर मोजून. दोनशे बारा झगे दिले होते, दोनशे अकरा भरले. एकशे सतरा नाही.

दुसऱ्या दिवशी तेव्हाच्या रजिस्ट्रारांनी मला बोलावलं. तू समोर उभी. ते म्हणाले, “ही म्हणते झगा तुझ्या हातात दिला. दिला का?” नोकरीला तीन महिने झाले होते. बाबांचे डोळे गेल्यावर त्यांच्या जागी तात्पुरता लागलो होतो. थोरली तुझ्या वहिनीच्या पोटात होती. मला वाटलं, दिला म्हटलं तर विचारतील, मग गेला कुठे? बहिणीसाठी भावाने लांबवला म्हणतील. मी म्हणालो, “लक्षात नाही साहेब.”

तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. शिवण कुठे उसवली आहे ते बघावं तसं. साहेब म्हणाले, झगा हरवला असं माफीपत्र लिही आणि कागद घेऊन जा. तू म्हणालीस, “जे मी केलं नाही त्याची माफी मी लिहिणार नाही.” आणि गेलीस. त्या कागदावर तुझी पुढची जागा ठरलेली होती, ती गेली. एवढी हुशार मुलगी, बंदरावरच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागलीस, हे मला बाबांकडून कळलं.

पुढच्या वर्षी पदवीदानाच्या सकाळी एकशे सोळा नंबर एका जाडजूड मुलाला दिला. तो म्हणाला, “काका, यात आधीच कुणीतरी आहे! हात कुठल्या बाहीत घालू?” रांग हसली. मी खिडकी ओढून घेतली. आतून तुझा झगा काढला. बटण, तेव्हा पळत जाऊन सांगायला हवं होतं. मी तो घडी करून पेटीत ठेवला. उद्या सांगू म्हटलं. उद्या सांगू म्हणता म्हणता नोकरी कायम झाली आणि मग तर तोंडच राहिलं नाही.

बाबांनी एकदा विचारलं, “बटणाने झगा दिला होता ना रे?” मी त्यांनाही म्हणालो, लक्षात नाही. ते भिंतीकडे तोंड करून झोपले. मी शिवलेल्या कपड्याला त्यानंतर त्यांनी हात लावून पाहिलं नाही.

फक्त तुझ्या वहिनीला ठाऊक होतं. ती त्या झग्याला सवत म्हणायची. “दरवर्षी तिला ऊन दाखवता, इस्त्री करता, डांबराच्या गोळ्या आणता. मला कधी सिनेमा दाखवला नाहीत.” आणि शेवटच्या आजारात म्हणाली, “आता तरी त्या पेटीतल्या बाईला बाहेर काढा.” सहा वर्षं झाली, तेही केलं नाही.

येत्या सोमवारी मोठ्या मंडळाची सभा आहे. नवा झगा मी शिवणार नाही. खरा घेऊन जाणार आहे. खोली जाईल. जाऊ दे. पण गुडघ्यांनी एवढा मोठा जिना चढवेल का, याची काळजी वाटते आहे.

दादा


ता. १६ सप्टेंबर

बटण,

चढलो!

दोनदा बसलो मध्ये, पण चढलो. पेटी उचलायला माळीबुवा आले. “काका, प्रेत आहे का यात?” म्हणाले. मी म्हटलं, “जवळपास तसंच.” त्यांनी पेटी अंगापासून लांब धरली.

आत लांब टेबल. मध्ये कुलगुरूबाई, बाजूला रजिस्ट्रारसाहेब, आणि मंडळावर आता कोण आहेत, तर तेच मोठे न्यायाधीश, निवृत्त झालेले. खांदा अजून तसाच. कोपऱ्यात इतिहासाच्या मॅडम टिपण घ्यायला. मला पाहून रजिस्ट्रारसाहेब चटकन उठले आणि म्हणाले, “आनंदाची गोष्ट आहे, आपले काका जुन्या कोठारात सापडलेला झगा घेऊन आलेत.”

मी म्हणालो, “सापडला नाही. लपवला होता.”

हे मी इतक्या मोठ्याने बोललो की माझाच मी दचकलो. मग तुला लिहिलं ते सगळं उभ्याने सांगितलं. थोडं पुढेमागे झालं, पण गाळलं काही नाही.

न्यायाधीश म्हणाले, “चाळीस वर्षं गप्प का राहिलात?”

“भीती वाटली साहेब.”

“आता वाटत नाही?”

“आताही वाटतेय. हे पाय बघा ना.”

सगळ्यांनी वाकून टेबलाखालून माझे पाय पाहिले. चांगले लटपटत होते. कुलगुरूबाईंनी स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

न्यायाधीशांनी झगा उलटसुलट केला. “नंबर लाल दोऱ्याने आहे. हा गेल्या आठवड्यात शिवलेला नाही कशावरून?”

मी घाईने म्हणालो, “नाही साहेब, गेल्या आठवड्यात शिवलेला तो वेगळा. तो अजून अर्धाच झालाय.”

बटण, माझ्या मनात काही नव्हतं गं! साधं सांगायला गेलो. पण रजिस्ट्रारसाहेबांच्या हातातलं पेन खाली पडलं आणि साहेब ते बराच वेळ शोधत राहिले. कुलगुरूबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, “त्याबद्दल आपण नंतर बोलू.”

मग मी खूण दाखवली. बाबा डावखुरे होते. त्यांचा साखळी टाका उलटीकडून चालायचा आणि साताला मधोमध एक आडवा टाका असायचा. उजव्या हाताने शिवणाऱ्याला तो तसा जमत नाही. बाबांचे इतर नंबरही तिथे मागवून पाहिले, एकशे सात, एकशे सत्तावीस. सगळ्यांना तोच टाका. बाबांनी मरून इतक्या वर्षांनी तुझी साक्ष दिली, असं मला वाटलं. मी तसं म्हणालोही. मॅडम नाक पुसत होत्या.

ठराव मॅडमनी मला लिहून दिला आहे, तसाच्या तसा उतरवतो. ‘विद्यार्थिनीने झगा नियमाप्रमाणे परत केला होता. चूक विद्यापीठाची होती. पदवी तिच्या मूळ वर्षाची द्यावी आणि विद्यापीठाने तिची लेखी माफी मागावी.’ माफीपत्र, बटण! तुझ्याकडून मागितलं होतं, आता ते लिहिणार आहेत.

कुलगुरूबाई म्हणाल्या, “आणि काकांचं काय करायचं?”

मी पेटीला धरून उभा राहिलो. न्यायाधीश म्हणाले, “यांना शिक्षा हवीच. यंदा खिडकीवर यांनीच बसायचं. सगळ्या पावत्या यांनीच लिहायच्या. हातोहात, आणि एकही उशिरा नाही.”

दोन हजार चारशे पावत्या. माझी बोटं गळून पडतील. मी जिना उतरताना एकदाही बसलो नाही.

तू मला माफ कर असं मी लिहिणार नाही. तुझं तू बघ. पण तुझ्या नावापुढचं ते वाक्य मी माझ्या हाताने खोडलं, आणि ‘परत मिळाला’ असं लिहिलं. अक्षर वाकडं आलं आहे.

दादा


ता. ११ नोव्हेंबर

बटण,

तुझं कार्ड आलं. दोन ओळी आहेत आणि मी त्या आतापर्यंत इतक्यांदा वाचल्या की कार्डाचा कोपरा मऊ पडला आहे. ‘येते. झगा दोन इंच आखूड कर, मी उंचीने खाली आले आहे.’

दादा असं कुठेच लिहिलेलं नाही, ते माझ्या लक्षात आलं. पण आखूड कर म्हणालीस, करा म्हणाली नाहीस.

झगा कापणार नाही. काठ आत दुमडून कच्चा धावदोरा घालतो, म्हणजे समारंभ झाला की एक दोरा ओढला की पूर्ववत. गळ्याचं बटण सैल झालं होतं, ते पक्कं केलं. तुला आठवतं का, तीन वर्षांची असताना बाबांच्या शिवणाच्या दुकानात कोटाचं बटण गिळलंस आणि बाबांनी तो कोट एक बटण कमी तसाच गिऱ्हाइकाला दिला? म्हणाले, “आहे, हरवलं नाही, पोरीच्या पोटात आहे. निघालं की आणून देतो.” गिऱ्हाईक महिनाभर रोज चौकशी करायचं, बटणाची नाही, तुझी. तेव्हापासून तुझं हेच नाव.

माझी काळजी अशी की, तुझे खांदे मला ठाऊक नाहीत. एकविसाव्या वर्षीचे ठाऊक आहेत. बासष्टाव्या वर्षी माणसाचे खांदे पुढे येतात. पेपरातल्या फोटोवरून माप घेतलं, पण फोटोत तू वाऱ्यात उभी आहेस. थोडी शिवण सोडून ठेवतो.

इथे सगळ्यांना कळलं आहे. खानावळीतली मुलं मला बघून ‘पोचला! पोचला!’ ओरडतात. आधी वाईट वाटलं. आता मी हात वर करतो.

येताना गरम कपडे आण. म्हणजे, लागतील असं नाही, पण आण.

दादा


ता. २३ जानेवारी

बटण,

तुला जाऊन चार दिवस झाले. हे पत्र तुझ्यासाठी घरी वाट बघत असेल असा हिशेब आहे, पण टपालाचं काही सांगता येत नाही.

तोंडाने बोलायला मला जमलं नाही, तू पाहिलंसच. स्टेशनवरून येताना मी फक्त रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोललो. तूही खड्ड्यांबद्दलच बोललीस. मधेच म्हणालीस, “दादा, एवढं पुरे. पुढचे खड्डे उद्या.” तेव्हापासून मला बरं आहे.

तुझा झगा खांद्यात बरोबर बसला. सोडून ठेवलेली शिवण लागलीच नाही. तू माझ्याहून कमी वाकली आहेस.

स्टेजवरचं मी पाहिलं नाही, मी खिडकीवर होतो. पण ऐकलं. कुलगुरूबाईंनी विद्यापीठाचं माफीपत्र माईकवर वाचलं, सगळं, चूक कुणाची इथपर्यंत. तुझं नाव घेतल्यावर टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. मी पावत्यांचं पुस्तक सरळ करत राहिलो. ते आधीच सरळ होतं.

मग रांग आली. तुला सगळे म्हणत होते, बाई, तुम्ही पुढे चला. न्यायाधीशांनीही म्हटलं. तू म्हणालीस, “मी मागच्या वेळीही रांगेतच होते.” आणि पोरांच्या मागे उभी राहिलीस. एकसष्ट जण होते तुझ्यापुढे, मी मोजत होतो आणि माझा हात घाई करत होता. तुझ्या पुढच्या मुलीने झगा दिला, मी ‘पोचला’ म्हणालो, पावती फाडली. मग खिडकीत तू.

झगा काढलास, घडी घातलीस, बाबांनी शिकवलेली, बाह्या आत. माझ्यासमोर ठेवलास.

“मोजून घ्या,” म्हणालीस. आणि हसलीस, तेव्हासारखीच.

मला एकच शब्द बोलायचा होता. चाळीस वर्षं हजारो मुलांना म्हटलेला. मी नुसती झग्याची घडी चाचपत राहिलो. मग रांगेतला एक उंच मुलगा हळूच म्हणाला, “काका, म्हणा ना.”

“पोचला,” मी म्हणालो.

काय ओरडली पोरं! टोप्या उडवल्या, एक तर माझ्या शाईच्या दौतीत पडली. पदवीदानानंतर खिडकीवर एवढा गलका कधीच झाला नव्हता. मॅडम म्हणाल्या, हे प्रकरण ग्रंथात शेवटी टाकते. त्यांनी मथळाही सांगितला, तुझ्या झग्याचा नंबर. व्हरांड्यातला तुझा फोटो काल लावला, वाऱ्यातलाच. मी त्याखालून सकाळपासून चार वेळा गेलो, त्यातली तीन वेळा काम नसताना. झाडूवाल्या मावशी म्हणाल्या, “काका, झिजवाल फरशी.”

आता पत्राचं कारण. पावतीचा अर्धा भाग कार्यालयात जातो, अर्धा विद्यार्थ्याकडे राहतो. तुझा अर्धा तू माझ्या टेबलावर, चष्म्याच्या घराखाली ठेवून गेलीस. विसरलीस म्हणावं तर तू काही विसरणारी नाहीस. मी तो हातात घेतला तर शेऱ्याचा रकाना मोकळा. गडबडीत भरायचा राहिला होता. नियम असा आहे की झगा तपासून मगच शेरा लिहायचा. म्हणून आज सकाळी एकशे सतरा खुंटीवरून काढला, धावदोरा ओढून काठ सोडला, उजेडात धरून वरपासून खालपर्यंत तपासला.

आणि खुर्चीवर बसून एकटाच हसलो. गळ्यापाशी दोरा कात्रीने कापला आहेस, कापडाला धक्का न लावता. शिंप्याची मुलगी आहेस खरी. माझ्याच टेबलावरची कात्री वापरलीस ना?

तुझी अर्धी पावती सोबत जोडली आहे. रकाना भरला आहे. जपून ठेव, या वेळी हरवली तर मला पुन्हा लिहावी लागेल. तसं झालं तरी चालेल.

आशीर्वाद. नमस्कार नाही, फक्त आशीर्वाद.

तुझा दादा


विद्यापीठ झगे विभाग. पावती.

झगा क्रमांक : ११७

परत मिळाला : होय

बाह्या : दोन्ही ठीक

काठ : ठीक

शेरा : गळ्याचं एक बटण कमी. कुठे आहे ते ठाऊक आहे. हरकत नाही.